खिंडीत लंगडणारी मोटार

(भोर. लतीफ मिस्त्रीच्या दुकानापुढं गेनबाची मोटार उभी आहे.)

लतीफ : आणि कोंबडी कुठं बसवली होती म्हणालास?

गेनबा : मागच्या सीटावर. काळी, एकरंगी. रखमाजी देवरुषी म्हणला, भोरापास्नं खिंडीपत्तुर मोटारीतनं न्यायची, दादा जिथं गेला तिथं सोडायची, आन मागं वळून बघायचं न्हाई.

लतीफ : सोडलीस?

गेनबा : रखमाजीनंच सोडली. म्या मागं बघितलं न्हाई.

लतीफ : आणि गाडी?

गेनबा : चढाला पाय दाबला की पुन्हा तेच. बोरीचं झाड धरून हलवावं तशी. फळ्या, काचा, माझं दात, समदं वाजतं. पाय काढला की गप. आन कोंबडीचा रस्सा त्या सांजंला रखमाजीच्या घरी.

लतीफ : मागं बघू नको म्हणाला तो त्यासाठीच.

गेनबा : थट्टा नगं लतीफभाई. सख्खा भाऊ हाय माझा. लंगडतोय त्यो.

लतीफ : कोण?

गेनबा : कुंडलिकदादा. खिंडीत मोटारीसंगं चालतोय, एका पायानं. देवरुषी म्हणला, त्याला पुढच्या वाटंला जोडा मिळाला न्हाई, म्हणून अडलाय.

लतीफ : मेलेल्या माणसासाठी जोडा दान देता ना तुम्ही? दिला नव्हतास?

गेनबा : दिला की! बाराव्याला छत्री आन नवा करकरीत जोडा. पर भटजी म्हणले, घालणार मी, तवा माप माझं घ्या. भटजींचा पाय ह्येवढासा, बाईमाणसाजोगा. आता त्यो जोडा दादाच्या पायात शिरावा कसा?

लतीफ : भुतालाही माप लागतं म्हण की.

चंद्राबाई : भूत म्हणू नगा.

लतीफ : अं? वैनी! तुम्ही आत आहात? मला वाटलं मागं गाठोडं ठेवलंय.

चंद्राबाई : गाठोडंच समजा. उतरायची न्हाई म्या.

गेनबा : ह्ये असं सकाळधरनं. म्या म्हणलं, मोटार लतीफभाईला दावून येतो. वैनी म्हणल्या, म्या बी येते. घरनं, भोंगवलीपास्नं, बसून हायती. आता हितं आलो तर उतरत न्हाईत. लतीफभाई, तुमीच सांगा. उद्या पुण्याचा माणूस येतोय, भंगारवाला. आज मोटार हालायची थांबली तर ठेवीन. न्हाई थांबली तर उद्या त्याच्या हवाली. उतारूच बसत न्हाईत, मग भोर-सारोळे फेरी मारायची कुणासाठी? हेडमास्तर आले, म्हणले, भुतंखेतं समदी मनाची कल्पना. लई येळ समजावून सांगितलं मला.

लतीफ : मग बसले?

गेनबा : चालत गेले. परवा एक म्हातारा बसला, आंधळा. म्हणलं, ह्याला काय दिसणार. चढाला मोटार हालली तशी दार उघडून जी उडी टाकली!

लतीफ : पडला?

गेनबा : कशाचा पडतोय! रस्त्याच्या मधनं नीट पळाला.

लतीफ : वैनी, गाडी विकायची आहे का तुम्हाला?

चंद्राबाई : न्हाई.

लतीफ : मग उतरा. मला काम करू द्या.

चंद्राबाई : दुरुस्त बी करायची न्हाई.

लतीफ : विकायची नाही, दुरुस्त करायची नाही. मग हिला शेंदूर फासू का?

चंद्राबाई : भावजींनी इकली की ते जातील. तुमी दुरुस्त केली तरी ते जातील. म्हणून म्या उतरत न्हाई. पाना ठिवा खाली.

लतीफ : गेनबा, हे काय?

गेनबा : काय सांगू. दर बाजाराला मागं बसत्यात. खिंडीचा चढ लागला की डोळं मिटून कायबाय पुटपुटत्यात. मोटार गदागदा हालली की म्हणत्यात, ‘व्हय म्हणले.’

लतीफ : काय विचारता हो त्याला?

चंद्राबाई : घरातलंच. म्हस ठिवू का. पोरीचं, फुलाचं, लगीन औंदा उरकू का. परड्यातलं झाड तोडू का.

लतीफ : आणि तो हो म्हणतो?

चंद्राबाई : दर येळी.

लतीफ : चढावर सगळेच हो म्हणतात.

गेनबा : आन जित्तेपणी दादा एका गोष्टीला व्हय म्हणला न्हाई!

चंद्राबाई : न्हाई बी म्हणले न्हाईत. कायबी इचारलं की म्हणायचे, ‘रस्त्याकडं बघू दे.’ मोटार हाकताना तर म्हणायचेच, घरात जेवाया बसले तरी त्येच. म्होरं ताट, ताटात भाकर, आन म्हणं रस्त्याकडं बघू दे. एवढा संसार झाला लतीफभाऊ, सरळ उत्तर म्हणून मिळालं न्हाई. आता कुठं चार गोष्टी बोलाया लागलेत, तर तुमी पाना घिऊन उभं.

लतीफ : मी दोस्त होतो त्याचा. माझ्यावर तरी विश्वास ठेवा.

चंद्राबाई : दोस्त व्हता. शेवटाला तोंड बघत नव्हता एकमेकांचं.

लतीफ : त्याला कारण होतं.

चंद्राबाई : म्या इचारलं तवा त्यांनी सांगितलं न्हाई. रस्त्याकडं बघत व्हते.

लतीफ : मी सांगतो. ह्या इंजिनाला दोन बाजूंना दोन पाय आहेत, ते खालच्या सांगाड्यावर टेकतात. मधे रबराची गादी असते, म्हणजे इंजिनाची थरथर गाडीत उतरत नाही. ह्याच्या डाव्या पायाखालचं रबर गेलं. मी म्हणालो, बाबा रे, लढाई पेटलीय, रबराचा मुलूख जपान्यानं घेतलाय, पुण्या-मुंबईत शोधून मिळत नाही. मिळेस्तोवर गाडी उभी कर, खिंडीत घालू नको. ऐकून घेतलं आणि गेला. पुढच्या बाजाराला बघतो तर गाडी सुतासारखी सरळ पळतेय! विचारलं, कुणी केली? म्हणाला, पुण्यात केली. इतकी वर्षं हिचा एकेक खिळा ह्या हातानं बसवला, आणि हा पुण्याचा मिस्त्री गाठतो. मग मी काय बोलायचं?

गेनबा : पुण्यात? दादा कवा गेला पुण्याला? पेट्रोल कुपनावर, ते फेरीला पुरायचं न्हाई. जलमात कधी सारोळ्याच्या म्होरं मोटार नेली न्हाई त्यानं. नीरेचा पूल दिसला की मागं वळवायचा.

लतीफ : मला तर पुण्यात म्हणाला.

गेनबा : लतीफभाई, आणिक एक सांगू? म्या पायताण काढून हाकतो मोटार, दादासारखी. तर त्यो पाय द्यायचा खटका हाय ना, त्यो उबदार लागतो. कुणीतरी आत्ताच पाय उचलल्यागत.

लतीफ : पलीकडं इंजिन तापलेलं असतं.

गेनबा : सकाळच्या पारी बी?

लतीफ : गेनबा, तू मला काम सांगायला आलायस का भेडवायला? वैनी, असं करू. तुम्ही बसून राहा. तुम्ही त्याला विचारता तसं मला गाडीला विचारू द्या. नुसतं विचारायचं, अजून हात लावत नाही. चालेल?

चंद्राबाई : इचारा.

लतीफ : उतारावर हालते का रे?

गेनबा : न्हाई.

लतीफ : सपाटीला, पाय काढून नुसती पळू दिलीस तर?

गेनबा : लोण्यासारखी.

लतीफ : म्हणजे चाकं नव्हेत. चाक वाकडं असतं तर उतारावरही नाचली असती. प्लग मी मघाशी काढून पुसून बघितले, आग नीट आहे. म्हणजे ओढ घेतानाच काय ते होतंय. बस चाकावर. हातब्रेक ओढ घट्ट. पुढच्या चाकाला धोंडा लावलाय. गियर टाक, क्लच जरासाच सोड आणि पाय दे. गाडी सरकता कामा नये, नुसती जागच्या जागी ओढू दे. मी बॉनेट उघडून बाजूला राहतो. समोर नको. ह्या गाडीला एक भूत पुरे आहे.

चंद्राबाई : म्हणू नगा म्हणलं ना!

लतीफ : चुकलो. दे पाय.

गेनबा : दिला!

चंद्राबाई : आले. बगा लतीफभाऊ, आले.

लतीफ : आणखी दे. आणखी. बस, बस! बंद कर! इकडं ये गेनबा. इंजिन डाव्या अंगानं उठतंय. झोपलेला म्हातारा कुशीवर वळावा तसं. उजवा पाय जागेवर आहे, डावा अधांतरी.

गेनबा : डावा! देवरुषी बी डावाच म्हणला व्हता!

लतीफ : मी इंजिनाचं बोलतोय.

गेनबा : आन देवरुषी दादाचं! दादाची डावी वहाण हरवली व्हती. समद्या गावाला ठावं हाय.

लतीफ : मला नाही. कुठं गेली?

चंद्राबाई : कुत्र्यानं नेली. सारोळ्याला.

लतीफ : पायातली?

चंद्राबाई : तसं म्हणले. एक दिस घरी आले ते एका पायात वहाण घालून. म्या म्हणलं, मोटारीत बसल्या माणसाच्या पायातली वहाण कुत्रं नेतंय, आन माणूस काय करत व्हता? म्हणले, रस्त्याकडं बघत व्हतो.

लतीफ : आणि दुसरी?

चंद्राबाई : ती बी काढून ठिवली. एक घालून कोण फिरतंय? म्या म्हणलं, नवा जोडा शिवून घ्या. म्हणले, चामडं समदं पल्टनीच्या बुटांना जातंय, जत्रंला बघू. तवापास्नं अनवाणी. जत्रा यायच्या आधी खिंडीत छातीत कळ आली. ब्रेक ओढला, उतारू खाली उतरवले, चाकाला धोंडा लावला, आन मग त्या धोंड्याशेजारी बसले. बसले ते बसलेच. तसंच, अनवाणी.

लतीफ : धोंडा आधी लावला.

चंद्राबाई : व्हय.

लतीफ : मग कुंडलिकच तो. वैनी, आता मला तो डावा पाय उघडावा लागेल. तुम्ही नको म्हणालात तर नाही उघडणार. पण हे असं राहिलं तर एक दिवस चढावर इंजिन जागा सोडेल, आणि गेनबाला धोंडा लावायलाही वेळ मिळणार नाही.

गेनबा : माझं नाव कशाला घेताय?

चंद्राबाई : नुसतं बघणार?

लतीफ : नुसतं बघणार.

चंद्राबाई : उघडा मग. म्या उतरत न्हाई.

लतीफ : बसा. इंजिन उचलतोय, तुम्हाला नाही. गेनबा, जॅक लाव. लाकडाचा ठोकळा मधे घाल. हां, चढव. हळू! बोल्ट सुटला. आता हे काय बसवलंय पुणेकरांनी, बघू तरी. हे रबर नाही.

गेनबा : मग काय हाय?

लतीफ : चामडं. पापडासारखं वाळलंय, कडेनं ढलप्या निघाल्यात. पुण्याच्या कुठल्या मिस्त्रीचं काम नाही हे. जरा उजेडात धर. हा बोल्ट ज्या भोकातनं गेलाय ना...

गेनबा : आगं आई! अंगठ्याचं भोक हाय ह्ये!

लतीफ : वैनी.

चंद्राबाई : टाच दावा. टाचंला पितळी खिळ्यांचा चांद हाय? आमच्या ज्ञानू चांभारानं हौसंनं ठोकला व्हता.

लतीफ : आहे. निम्मा झिजलाय.

चंद्राबाई : म्हंजी कुत्र्यानं न्हाई नेली.

लतीफ : नाही. हरामखोरानं स्वतः बसवली. दुमडून, नीट कापून. आणि मला म्हणतो पुण्यात केली! विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, इंजिनाच्या धगीनं चामडं वाळतं, महिनाभर टिकत नाही, म्हणून. म्हणूनच विचारलं नसेल. पण वैनी, हे टिकलं. तो होता तोवर पार टिकलं. हे मला उलगडत नाही. इतके दिवस टिकायला नको होतं.

चंद्राबाई : एरंडेल.

लतीफ : काय?

चंद्राबाई : रोज सकाळी वाटीत एरंडेल घिऊन निघायचे. म्हणायचे, अनवाणी चालून टाचंला भेगा पडल्यात, लावतो. म्या म्हणायची, एवढं तेल पितीय टाच, मग भेगा भरंनात कशा? कधी भरल्या न्हाईत. अंघोळ घालताना बी तशाच व्हत्या.

लतीफ : टाचेला लागतच नव्हतं ते. ह्याला पाजत होता.

गेनबा : आन दादा गेल्यावर बाराव्यापत्तुर मोटार उन्हात उभी. मग म्या हाकाया घेतली, आन त्याच दिसापास्नं...

लतीफ : तेल बंद झालं, चामडं वाळलं, इंजिन सुटलं. झालं तुझं भूत.

चंद्राबाई : म्हंजी ते व्हते तवर हालत नव्हती.

लतीफ : नाही.

चंद्राबाई : ते गेले म्हणून हालाया लागली.

लतीफ : तसंच म्हणायचं.

चंद्राबाई : मग म्या एवढे दिस इचारत कुणाला व्हते?

गेनबा : वैनी, जाऊ द्या आता.

चंद्राबाई : म्हस ठिवली की म्या.

लतीफ : म्हैस चांगली आहे ती. मी बघितलीय.

गेनबा : लतीफभाई, बोलत काय बसलात, दुसरं चामडं घाला आन मिटवा.

लतीफ : असतं तर घातलं असतं. जाड पाहिजे, दुहेरी तळाचं. भोरात सध्या मिळतं ते पुस्तकाला पुठ्ठा करायच्या लायकीचं. दोन-चार दिवस दे, कुठून तरी बघतो. त्या भंगारवाल्याला थांबव.

गेनबा : थांबतोय त्यो! त्याला लोखंड पायजे. लढाईत लोखंडाला भूत बी चालतं म्हणला.

चंद्राबाई : किती जाड पायजे?

लतीफ : हे एवढं. का?

चंद्राबाई : ह्ये घ्या.

गेनबा : वैनी! ही दादाची उजवी! दहाव्याला नदीत सोडा म्हणून तुमच्या हातात दिली व्हती म्या! कुठं ठिवली व्हती?

चंद्राबाई : उतरंडीत. पार तळच्या मडक्यात.

गेनबा : आन आज पदराखाली घिऊन आलाय! आता कळलं, कशानं अडकलाय त्यो! लतीफभाई, ती डावी बी हिकडं आणा. नदी ही काय, हाकेवर. दोन्ही संगं सोडून येतो. जोड पुरा झाला की दादा वाटंला लागंल. देवरुषी ह्येच म्हणला व्हता.

लतीफ : वैनी, खरं सांगू? तुमच्या रीतीत तेच बसतं. मेलेल्याचं घरात ठेवू नये, आमच्यातही म्हणतात. जाऊ द्या त्याला.

चंद्राबाई : आन मोटार उद्या जाईल.

गेनबा : मोटार जाईल, पर दादा तर सुटंल!

चंद्राबाई : सुटून जायाचं कुठं त्यांना? सारोळ्याच्या म्होरं कधी गेले न्हाईत.

लतीफ : वैनी...

चंद्राबाई : बसवा तुमी.

लतीफ : कापावी लागेल.

चंद्राबाई : कापा की.

लतीफ : माझ्या हातून नाही व्हायची. तो समोर असता तर त्याच्या देखत तुकडे केले असते, शिव्या देऊन. असं नाही.

चंद्राबाई : आणा ती सुरी. उतरते म्या. कुठनं कापू?

लतीफ : इथनं, चवड्याच्या मागनं. मग टाच त्यावर दुमडायची. अंगठ्याचं भोक सांभाळा, बोल्ट त्यातनंच घालायचाय. त्यानं दाखवूनच ठेवलंय.

चंद्राबाई : आन तेल कुठं सोडायचं ती जागा दावा. रोज घालीन.

लतीफ : ह्या फटीतनं. चार थेंब. वाटीभर नको, तो उधळ्या होता.

गेनबा : वैनी, आन ही डावी? ही तरी देता नदीत?

चंद्राबाई : ती हिकडं द्या.

गेनबा : आवं, एक मोटारीत, एक घरात! मग त्याला जलमात कुठं जाता यायचं न्हाई!

चंद्राबाई : व्हय.

(खिंडीचा चढ. अजून उन्हं आहेत. लतीफ गेनबाच्या शेजारी, चंद्राबाई मागं.)

गेनबा : दाबू?

लतीफ : दाब. चढ तुझ्यासाठी सपाट व्हायचा नाही.

गेनबा : दाबला. लतीफभाई...

लतीफ : ऐकतोय. बोलू नको. आणखी दाब.

गेनबा : दात वाजत न्हाईत माझं. काचा बी न्हाईत. त्यो बगा धोंडा! दादानं लावलेला. कुणी हलवला न्हाई अजून.

लतीफ : पाय काढू नको. जाऊ दे त्याच्याजवळनं.

गेनबा : गेला. मागं गेला! न्हाई हालली! वैनी, न्हाई हालली मोटार! उद्या त्या पुण्याच्या माणसाला हिच्यातच बसवतो आन सारोळ्याला पोचता करतो, उतारू म्हणून! तिकीट काढून!

लतीफ : वैनी? वैनी, डोळे का मिटलेत?

चंद्राबाई : इचारलं त्यांना.

लतीफ : आता काय विचारलंत?

चंद्राबाई : हायसा का म्हणलं.

लतीफ : मग? काय म्हणाला?

चंद्राबाई : काय न्हाई. रस्त्याकडं बघत्यात.